शाळाप्रमुखाची पदविका : मान्यता कशाची, मोजमाप कशाचे?

जुन्नरच्या बाजारपेठेत माझे टायपिंग, झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान आहे. उन्हाळ्यात लग्नपत्रिकांच्या जोडीने जे दुसरे मोठे काम येते, ते शिक्षकांच्या प्रकल्पांचे. कुणी बी.एड., कुणी एम.एड., कुणी शालेय व्यवस्थापनाची पदविका करत असतो. चार प्रती, काळे किंवा मरून रंगाचे कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरे. या व्यवसायात माणूस नकळत वाचू लागतो. टाइप करता करता मी शिक्षणशास्त्राची निम्मी परिभाषा शिकलो, आणि पुढे अहवाल, कायदे, नियमावल्या मिळतील तशा वाचत गेलो. माझ्याकडे या विषयातली कुठलीही पदवी नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

काही वर्षांपूर्वी पश्चिम पट्ट्यातल्या एका शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक संध्याकाळी दुकानात आले. म्हणाले, "भाऊ, मागच्या साली त्या सरांचा टाइप केलेला प्रकल्प असेल ना काँप्युटरात? नाव आणि शाळा तेवढी बदलून द्या. उद्या शेवटची तारीख आहे." मी बदलून दिले. बाइंडिंग करताना पाने चाळली, तेव्हा लक्षात आले की शाळेचा पट १४ लिहिला होता आणि तिसऱ्या प्रकरणात ३० विद्यार्थ्यांचा नमुना निवडला होता. मी काही बोललो नाही. पैसे घेतले, चार प्रती दिल्या. पुढे कळले, प्रकल्प मंजूर झाला आणि सर प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले.

ते कुठल्या विद्यापीठाचे विद्यार्थी होते हे इथे महत्त्वाचे नाही. असे काम माझ्याकडे अनेक ठिकाणचे आले आहे, आणि त्या नकलेत माझाही हात होता. पण १४ मुलांच्या शाळेतून ३० मुलांचा नमुना घेता येत नाही, हे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या कुठल्याच पायरीवर कुणाच्या लक्षात कसे आले नाही? हा प्रश्न डोक्यातून जाईना. हा लेख त्या शोधातून आला आहे.

पद आधी, पदवी नंतर

आपल्याकडे मुख्याध्यापक कसा होतो, ते आधी पाहू. खाजगी माध्यमिक शाळांसाठी १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली आहे. तिच्या नियम ३ चा गाभा सरळ आहे. माणूस पदवीधर हवा, अध्यापनाची पदवी हवी, किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हवा आणि सेवेचे रेकॉर्ड समाधानकारक हवे. या अटी पूर्ण करणाऱ्यांतला जो सर्वांत ज्येष्ठ, तो मुख्याध्यापक. म्हणूनच आपल्या संस्थांमध्ये ज्येष्ठता यादीवरून जितकी भांडणे आणि कोर्टकचेऱ्या होतात, तितक्या गुणवत्ता यादीवरून होत नाहीत.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत प्रश्न आणखी वेगळा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर गेला तर. सहावी ते आठवीला ही मर्यादा १०० आहे. नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा अशा बाजारगावांत हा पट भरतो. पण नाणेघाटाकडच्या किंवा डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यावस्त्यांवर दोन शिक्षक आणि दहा-वीस मुले, अशी शाळा असते. तिथे मुख्याध्यापकाचे पदच नसते. दोघांतला ज्येष्ठ शिक्षक 'प्रभारी' म्हणून काम बघतो. तोच शिकवतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो, बैठकांना तालुक्याला येतो. तो गेला की चार इयत्ता एकाच शिक्षकाच्या अंगावर पडतात.

पदविका करणाऱ्या पुष्कळांना त्यामुळे पद मिळत नाही, आणि पद मिळालेल्या पुष्कळांना पदविकेची गरज पडत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालतात. त्यांची गाठ पडलीच पाहिजे असे नियमाच्या गाभ्यात कुठे नाही.

मान्यतेच्या पायऱ्या

'मान्यताप्राप्त' हा शब्द जाहिरातीत एकच दिसतो, पण त्यामागे निदान चार वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, विद्यापीठाचा स्वतःचा कायदा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याने स्थापन झाले. त्याची शालेय व्यवस्थापन पदविका राज्यातल्या शिक्षकांना परिचित आहे, कारण ती नोकरी न सोडता करता येते. विद्यापीठाला पदविका देण्याचा अधिकार त्याच्या कायद्यातून येतो.

दुसरी, विद्यापीठ अनुदान आयोग. पदव्या कोणत्या द्यायच्या हे तो ठरवतो आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना मंजुरीही देतो. इथे तपासले जाते ते विद्यापीठाची पात्रता, अभ्यासकेंद्रे, साहित्य, शिक्षकसंख्या.

तिसरी, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. १९९३ च्या कायद्याने ती आली. तिच्या २०१४ च्या नियमावलीत १५ अभ्यासक्रमांची मानके दिली आहेत. त्यांत डी.एल.एड., बी.एड., एम.एड., शारीरिक शिक्षण, कलाशिक्षण सगळे आहे. शाळाप्रमुखांसाठीचा स्वतंत्र अभ्यासक्रम मात्र त्या १५ मध्ये नाही. एम.एड.च्या उद्दिष्टांत अध्यापकांचे शिक्षक, अभ्यासक्रम तयार करणारे, नियोजक, प्रशासक, पर्यवेक्षक यांच्या रांगेत शाळांचे प्राचार्यही बसवले आहेत. एका पदवीने इतक्या जणांना घडवायचे, तर शाळाप्रमुखाच्या वाट्याला किती येणार?

चौथी, नॅक. १९९४ मध्ये बंगळुरूला स्थापन झालेली ही परिषद चारपैकी गुण देऊन संस्थेची श्रेणी ठरवत आली आहे. ३.५१ च्या पुढे गेले की ए प्लस प्लस. महाविद्यालयाच्या कमानीवर लिहिलेली असते ती हीच श्रेणी. पण ती संपूर्ण संस्थेची असते. तिच्यातल्या एखाद्या पदविकेची नसते. ग्रंथालय उत्तम, संशोधन उत्तम, क्रीडांगण उत्तम म्हणून मिळालेल्या श्रेणीच्या सावलीत एखादा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे न तपासता राहू शकतो.

एकेका अभ्यासक्रमाचे मूल्यांकन आपल्या देशात होते, पण ते अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधनिर्माण अशा शाखांत. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ हे काम करते. पदवीधराला शेवटी काय करता आले पाहिजे, हे आधी लिहून काढायचे आणि मग ते साधले का ते दाखवायचे, अशी त्याची पद्धत आहे. ही पद्धत आल्यानंतर २०१४ मध्ये आपल्या अभियांत्रिकी पदव्यांना आंतरराष्ट्रीय करारात स्थान मिळाले. पूल बांधणाऱ्याच्या अभ्यासक्रमाला आपण ही कसोटी लावतो. शाळा चालवणाऱ्याच्या अभ्यासक्रमाला तशी लावत नाही.

प्रशिक्षणाची व्यवस्था नाही, असा याचा अर्थ नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र आहे आणि ती संस्था या विषयाची पदव्युत्तर पदविकाही देते. २०१९ च्या 'निष्ठा' प्रशिक्षणात मुख्याध्यापकांसाठी नेतृत्वाचा भाग होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. तास मोजायची सोय झाली आहे. तासांचे पुढे काय झाले ते मोजायची सोय अजून व्हायची आहे.

फलित म्हणजे नेमके काय?

डोनाल्ड किर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्या कारखान्यांसाठी होत्या, पण आपल्याला उपयोगी आहेत. प्रशिक्षण घेणाऱ्याला ते आवडले का, ही पहिली. तो काही शिकला का, ही दुसरी. कामावर परतल्यावर तो वेगळे वागू लागला का, ही तिसरी. आणि त्याच्या वागण्याने कामाच्या फळात फरक पडला का, ही चौथी.

आपल्या पदविका पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला जातो आणि परीक्षेचा निकाल लागतो. 'निकाल ९२ टक्के' हेच फलित म्हणून अहवालात जाते. माझ्या दुकानात आलेला तो प्रकल्प या दोन्ही पायऱ्या सुखाने चढला. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे शाळेत जाऊन कुणी पाहिले असते, तर १४ आणि ३० चा हिशेब दारातच चुकला असता.

पण चौथ्या पायरीवर उडी मारण्याआधी जगाने काय अनुभवले तेही पाहिले पाहिजे.

इंग्लंडने १९९७ मध्ये मुख्याध्यापकपदासाठी राष्ट्रीय पात्रता सुरू केली. हळूहळू ती सक्तीची केली. २००९ पासून ती पूर्ण केल्याखेरीज पहिल्यांदा मुख्याध्यापक होता येईना. २०१२ मध्ये तीच सक्ती काढून टाकली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्राचार्याला परवाना लागतो आणि तो देणाऱ्या अभ्यासक्रमांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थाही आहेत. तरी २००५ मध्ये आर्थर लेव्हिन यांनी या अभ्यासक्रमांवर अतिशय कडक अहवाल लिहिला. ते स्वतः कोलंबिया विद्यापीठाच्या नामांकित टीचर्स कॉलेजचे अध्यक्ष होते. प्रवेश सैल, अभ्यासक्रम शाळेपासून तुटलेला, आणि पुष्कळ विद्यार्थी पगारवाढीसाठी आलेले, असे त्यांच्या टीकेचे सार होते. वाचताना मला आपल्याच गावचे वाटले.

याउलट २०२१ मध्ये जेसन ग्रिसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षांचे संशोधन एकत्र करून दाखवले, की कमी प्रभावी प्राचार्याच्या जागी अधिक प्रभावी प्राचार्य आला, तर सबंध शाळेतल्या मुलांच्या शिकण्यात वर्षाला सुमारे तीन महिन्यांच्या अभ्यासाइतका फरक पडतो. एक शिक्षक एक वर्ग बदलतो, एक प्राचार्य सगळे वर्ग बदलतो. पण चांगला प्राचार्य फरक पाडतो, यातून पदविकेने चांगला प्राचार्य घडतो असे आपोआप सिद्ध होत नाही. जाहिरातींत नेमकी हीच दोन वाक्ये एकमेकांना चिकटवलेली असतात.

प्रशिक्षणाचीच थेट चाचणी घेणारा एक प्रयोग अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात झाला. अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने शाळा निवडल्या आणि प्राचार्यांना दोन वर्षांत ३०० तासांचे प्रशिक्षण दिले. विषय तीनच होते : पाठाचे नियोजन, मुलांच्या चाचण्यांतून शिकणे, आणि वर्गात बसून शिक्षकाला मदत करणे. पहिल्या वर्षी मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. दुसऱ्या वर्षी परिणाम विरला. त्यांच्या मते कारण असे, की बरेच प्राचार्य मध्येच शाळा सोडून गेले.

आपल्या देशातला मोठा पुरावा मध्य प्रदेशचा आहे. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तिथल्या शाळासुधार कार्यक्रमाची १,७७४ शाळांत पद्धतशीर चाचणी घेतली. शाळांचे मूल्यमापन झाले, श्रेण्या दिल्या गेल्या, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा बनला. कागद जवळजवळ सगळीकडे पूर्ण झाले. मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. त्या कार्यक्रमाने शाळेच्या उत्तरदायित्वात काहीच बदल केला नव्हता, आणि सुधारणा म्हणून जे आले ते खालच्या पातळीवर पोचेपर्यंत कागदकाम होऊन गेले. तरी तो यशस्वी मानला गेला आणि तसाच कार्यक्रम देशभर लाखो शाळांत गेला.

पश्चिम पट्टा कसा मोजायचा?

आता आपल्या तालुक्यांकडे येऊ. ह्यूस्टनचे प्राचार्य शाळा सोडून गेले. इथे बदलीचे वेळापत्रकच ठरलेले आहे. २०१७ च्या बदली धोरणाने शाळांची सर्वसाधारण आणि अवघड अशी क्षेत्रे केली आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्याला बदलीचा हक्क दिला. शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्य आहे. पावसाळ्यात आहुपे किंवा घाटघरच्या बाजूला चार दिवस राहून पाहावे, म्हणजे कळेल. पण जो तीन वर्षांत गावाची माणसे ओळखू लागला, तो नेमका तेव्हाच निघतो. त्याची पदविकाही त्याच्याबरोबर निघते. फलित मोजायचे तर कुठल्या शाळेत?

दुसरी अडचण आकड्यांची. १४ मुलांच्या शाळेत एक मूल गळाले की पट ७ टक्क्यांनी घसरतो. आई-वडील भात काढून झाल्यावर मजुरीला नारायणगावच्या बाजूला उतरले आणि लेकराला बरोबर घेऊन गेले, तर त्यात मुख्याध्यापकाचा दोष किती? हिरड्याच्या हंगामात उपस्थिती कमी झाली, तर तो प्रशासनाचा प्रश्न की पोटाचा? अशा एकेका शाळेच्या टक्केवारीवरून एखाद्याची पदविका यशस्वी की अयशस्वी ठरवणे हा त्या माणसावर अन्याय होईल.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की इथे मोजायचे एकक शाळा नसून केंद्र असावे. साधारण दहा शाळांचे एक केंद्र असते. १९९४ मध्ये राज्याने केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण केली ती शाळांना शैक्षणिक आधार मिळावा म्हणून. त्याही आधी १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळा-संकुलाची कल्पना मांडली होती आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. दहा शाळांची १४० मुले धरली, तर एक मूल म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही. शिक्षक एका शाळेतून दुसरीत गेला तरी केंद्र तेच राहते. पदविकाही मग एकट्या माणसाची न राहता केंद्रातल्या चार-पाच प्रभारींनी आणि केंद्रप्रमुखांनी मिळून करायची गोष्ट होऊ शकते.

या मताला एक धोका आहे, तोही सांगतो. केंद्र हे एकक मानले की पुढचे पाऊल छोट्या शाळा बंद करण्याचे पडू शकते. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा आपल्या डोंगरपट्ट्यात काळजी पसरली ती उगाच नव्हती. ओढा ओलांडून, उसातल्या बिबट्याच्या भीतीतून सहा वर्षांचे मूल किती दूर जाणार? केंद्र मोजण्यासाठी असावे. शाळा वाडीतच असावी.

काय विचारावे?

पदविकेला प्रवेश घेऊ पाहणारे शिक्षक दुकानात येतात, तेव्हा मी आता त्यांना काही प्रश्न विचारायला सांगतो. श्रेणी संस्थेची आहे की या अभ्यासक्रमाची? अभ्यासक्रमात दोन शिक्षकी शाळेवर एक तरी प्रकरण आहे का, की सगळे लिपिक, शिपाई, पर्यवेक्षक असलेल्या शाळेसाठी लिहिले आहे? प्रकल्प तपासणारा माणूस एकदा तरी शाळेत येतो का? पदविका घेऊन गेलेल्यांचे तीन वर्षांनी काय झाले, याची नोंद संस्था ठेवते का? आणि त्यांच्या शाळांतली तिसरीतली मुले सलग वाचू लागली का, हे कुणी पाहते का?

हे प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीनेही विचारायला हरकत नाही. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आहेत आणि निम्म्या स्त्रिया आहेत. पदविकेसाठी रजा, प्रवास, वेळ जातो तो त्यांच्याच मुलांच्या तासांतून.

त्या प्रभारी सरांच्या शाळेत मी पुढे एकदा गेलो. मनात थोडा राग होता, त्यांच्यावर आणि स्वतःवरही. पाऊस कोसळत होता. शाळा सुटली तेव्हा सर छत्री न घेता, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाच मुलांना ओढ्यापलीकडे पोचवायला निघाले. मी मागे थांबलो. फळ्यावर पहिली ते चौथीसाठी चार रकाने आखलेले होते आणि चारही भरलेले होते. एका इयत्तेला लिहायला देऊन दुसरीला वाचायला, मोठ्यांकडून लहानांना पाढे म्हणवून घ्यायचे, असे त्यांनी स्वतः बसवलेले वेळापत्रक दारामागे चिकटवले होते. परत आल्यावर मी विचारले, "सर, प्रकल्पात हेच का नाही लिहिले?"

ते ओले डोके पुसत म्हणाले, "भाऊ, ३० चा नमुना लागतो म्हणून लिहिलं होतं सूचनेत. माझ्याकडं १४ पोरं. मग काय करायचं?"

राग तिथेच ओसरला. त्यांनी नक्कल केली ही चूकच, आणि मी करून दिली ही त्याहून मोठी. पण त्या अभ्यासक्रमाने त्यांना त्यांच्या शाळेबद्दल काही विचारलेच नव्हते. शाळा चालवण्याचे खरे कसब त्या दारामागच्या कागदावर होते, आणि त्याला कुठे गुण नव्हते.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. आता ते मोठ्या पटाच्या शाळेत आहेत. दारामागचे वेळापत्रक नव्या शिक्षकांनी काढले की ठेवले, मी पाहायला गेलेलो नाही. दुकानातल्या काँप्युटरमधले जुने प्रकल्प मात्र मी पुसून टाकले. आता कुणी नाव बदलून मागितले, की मी आधी पट विचारतो.